शिराझच्या चार ओळी आणि वीस लिटरचा जार

प्रश्न जालना जिल्ह्यातल्या एका तरुण बागायतदाराचा आहे. वडिलांनी वायनरीशी करार करून शिराझ, म्हणजे रेड वाइनची काळी द्राक्षं, लावली होती. पुढे वायनरीने माल उचलणं थांबवलं, वेली काढाव्या लागल्या, आणि बांधाकडच्या चार ओळी तेवढ्या राहिल्या. बाकी एकरभर शरद सीडलेस, म्हणजे खायची काळी द्राक्षं, आहे. गेल्या मार्चमध्ये त्याने शिराझ आणि शरद एकत्र चुरून पाण्याच्या जारमध्ये पंधरा-सोळा लिटर वाइन केली. महिनाभर चव बरी होती, मे संपता संपता तिला नेलपेंटसारखा वास सुटला आणि जूनमध्ये ती जिभेवर धरवेना. तो विचारतो, "ताई, मला थोडीच करायची आहे, पण बाटली उघडली की चार माणसांनी नाव काढलं पाहिजे. चुकलं कुठे? यंदा काय करू? आणि जांभळाची, सीताफळाची होते का?"

दादा, मी औशाची. बारा वर्षं नाशिककडच्या वायनऱ्यांच्या सेलरमध्ये काम केलं आणि २०१५ पासून तुळजापूरजवळ स्वतःचं छोटं परवानाधारक युनिट चालवते. मोठ्या टाक्यांबरोबर दर हंगामात वीस-वीस लिटरचे पाच-सहा लॉट वेगळे करते आणि माझा जीव त्या छोट्या लॉटमध्येच जास्त असतो. म्हणून तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते.

आधी कायद्याचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, म्हणजे १९४९ चा पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम, परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतो आणि वाइन त्यात येते. "घरच्यापुरती केली, विकली नाही" ही सबब चालत नाही. गेल्या वर्षी तुम्ही केलं ते नकळत केलं असेल, यंदा जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात जाऊन लेखी विचारा. परवान्याचा खर्च आणि कटकट झेपणार नसेल तर परवाना असलेल्या एखाद्या वायनरीशी बोला आणि तुमच्या मालाचा छोटा लॉट तिथे, तुमच्या डोळ्यांदेखत करून घेता येतो का ते पाहा. माझा स्वतःचा पहिला लॉट असाच दुसऱ्याच्या छपराखाली झाला होता. खाली लिहिलंय ते याच चौकटीत वाचा. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते: आंबवण्यापलीकडे जाऊन ऊर्ध्वपातन करायचा विचारसुद्धा करू नका. आंबवलेल्या रसात मिथेनॉल अगदी थोडं असतं. भट्टी लावली की ते एकवटतं, आणि त्याने माणसं आंधळी होतात, मरतात.

आता तुमची वाइन का बिघडली ते. नेलपेंटचा वास म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, आणि त्याच्या मागून आला तो आंबटपणा म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल, अर्थात सिरका. हे करणारे जीवाणू सालीवर असतात, चिलटांच्या पायांवर असतात, फडक्यावरसुद्धा असतात. ते कायमचे कुणालाच घालवता येत नाहीत. पण त्यांना काम करायला हवा लागते आणि ऊब लागते. तुम्ही वीस लिटरच्या जारमध्ये सोळा लिटर वाइन ठेवलीत, म्हणजे वर चार लिटर हवा. अधूनमधून झाकण काढून चव बघितलीत, म्हणजे दर वेळी ताजी हवा. आणि मे महिन्यात जालन्याच्या पत्र्याच्या खोलीत चाळीसच्या वर पारा. दादा, यात वाइन टिकली असती तरच नवल. मराठवाड्यात वाइन करायची म्हणजे ऊन आणि हवा या दोघांना बाहेर ठेवायचं. नाशिकला डिसेंबर-जानेवारीचा गारठा थोडं सांभाळून घेतो, आपल्याकडे ते काम आपल्यालाच करावं लागतं. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

सुरुवात गोडी छाटणीपासून, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीपासून. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलला काडी तयार करायची खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, असा दोन छाटण्यांचा संसार आपण करतो. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलंय. वेलीचा हा स्वभाव इतका जुना आहे. शिराझला छाटणीपासून साधारण १४० दिवस धरा. सप्टेंबरमध्ये घाई केली तर परतीच्या पावसात डाऊनी (केवडा रोगाची बुरशी) कोवळी फूट पोंग्यातच खाऊन टाकतो. ऑक्टोबरअखेर छाटली तर माल मार्चच्या मध्यावर, ३७-३८ अंशात पिकतो. तेव्हा साखर झरझर चढते आणि आंबटपणा त्याहून वेगाने पडतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा पकडा, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काढणी येते आणि पहाटे अजून गारवा असतो.

घडांची संख्या निम्मी करा. खाण्याच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टनांचं गणित इथे विसरायचं. वाइनसाठी एकरी चार-पाच टनांवर जाऊ नये असं माझं मत आहे. शिराझला जीए (मणी फुगवणारं जिबरेलिक आम्ल) बिलकुल देऊ नका. फुगलेल्या मण्यात पाणी जास्त आणि सालीचा वाटा कमी, आणि रेड वाइनचा रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत असतं. गंधकाची फवारणी काढणीच्या महिनाभर आधी थांबवा, नाहीतर आंबताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. अनेकजण त्याचा दोष यीस्टला देतात, पण पुष्कळदा तो बागेतून आलेला असतो.

काढणीचा दिवस ठरवायला रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लागतो आणि तुमच्याकडे तो असणारच. ब्रिक्स २३ ते २४ वर आलं की बघायला लागा. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अंदाजे किती टक्के अल्कोहोल होईल ते कळतं, म्हणजे २३ ला साडेबारा-पावणेतेरा. पण नुसत्या साखरेवर जाऊ नका. दहा वेलींवरचे दहा मणी तोडा, रस गिळा आणि बिया हातावर घ्या. हिरवट बी दाताखाली मऊ लागते आणि जीभ आखडून टाकते. पिकलेली बी तपकिरी असते, कटकन फुटते आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी चव देते. मग साल चावून चावून थुंका, गालाला आतून रंग लागला पाहिजे. माझ्याकडे चांगला पीएच मीटर आहे, तरी मी आधी बी चावते.

पीएच मीटर (आंबटपणा मोजणारा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मात्र घ्याच. आपल्याकडच्या शिराझचा पीएच काढणीला बऱ्याचदा ३.८ च्या आसपास येतो आणि हीच तुमच्या वाइनची अर्धी अडचण असणार. पीएच जास्त असला की सल्फर (वाइन बिघडू नये म्हणून घालतात तो सल्फर डायऑक्साइड, पुढे येणाऱ्या केएमएसमधून मिळतो) लंगडा पडतो. ३.५ पीएचला साधारण २५ पीपीएम मुक्त सल्फर पुरत असेल तर ३.८ ला तेवढ्याच कामाला जवळपास दुप्पट लागतो. म्हणून आंबवायच्या आधीच टार्टारिक आम्ल घालून पीएच ३.५-३.६ वर आणायचा. लिटरमागे एक ग्रॅम घातलं की पीएच साधारण ०.१ ने उतरतो. एकदम सगळं ओतू नका. निम्मं घाला, ढवळा, तासाभराने मोजा, मग उरलेलं. लिंबू पिळून हे काम होत नाही. लिंबाचं सायट्रिक आम्ल जीवाणू नंतर खातात आणि भलतेच वास देतात.

वीस लिटरचा जार भरायचा तर ३५ किलो द्राक्षं लागतील. तीस किलोत काम भागेल असं वाटतं, पण गाळात बरंच जातं, आणि जार गळ्यापर्यंत भरून वर दोन-तीन बाटल्या शिल्लक राहायला हव्यात. त्या शिलकीच्या बाटल्यांचं महत्त्व पुढे सांगते. पहाटे चार ते सातच्या दरम्यान काढा, क्रेट सावलीत ठेवा, उन्हात क्षणभरसुद्धा नको. कुजका, फुटलेला, माशी बसलेला प्रत्येक मणी बाजूला काढा. मोठ्या वायनरीत टनावारी माल येतो तेव्हा हे शक्य नसतं. छोट्या लॉटची खरी श्रीमंती इथे आहे: घरातली चार माणसं अंगणात ताटं घेऊन बसली की ३५ किलो दोन तासांत निवडून होतात. वाइन उंची होते ती याच दोन तासांत असं मला वाटतं, महाग यीस्ट आणि फ्रेंच ओक त्याच्या कितीतरी मागे.

देठ काढून टाका, मणी हाताने फोडा. मिक्सर नको, बिया भरडल्या की कडवटपणा येतो. भांडं ५०-६० लिटरचं फूड ग्रेड ड्रम किंवा स्टीलचं. तांबं, पितळ, लोखंड या रसाला लावायचं नाही. पाण्याचे निळे जार मला आवडत नाहीत, त्यांना आतून चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. भांडी निर्जंतुक करायला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि तेवढंच सायट्रिक आम्ल. हेच ते केएमएस, सरबत-स्क्वॅशवाले वापरतात ते. उघड्यावर मिसळा, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्याला लांब ठेवा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं पाणी मात्र भांड्यांजवळ येऊ देऊ नका. टँकरचं पाणी आलं की आपण सवयीने हौदात टीसीएल टाकतो. त्यातल्या क्लोरीनमुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागू शकतो आणि तो मग काही केल्या जात नाही.

फोडलेल्या ३५ किलोला सुमारे ३ ग्रॅम केएमएस पाण्यात विरघळवून घाला, झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी यीस्ट. पावाचं यीस्ट नको. वाइनचं कोरडं यीस्ट ऑनलाइन मिळतं. आपल्या हवेत पहिल्या वर्षी ईसी-१११८ सारखं दणकट घ्या, ते ३० अंशांपर्यंत आणि वरच्या अल्कोहोललाही दम सोडत नाही. ८ ग्रॅम यीस्ट ३८-४० अंशांच्या ८० मिलि पाण्यात वीस मिनिटं ठेवा. वर फेसाची साय येते. मग त्यात ड्रममधला रस थोडा थोडा घालत तापमान जुळवून घ्या. दोन्हींत दहा अंशांपेक्षा जास्त फरक असताना ओतलं तर निम्मं यीस्ट धक्क्यानेच मरतं. यीस्टला खाऊ म्हणून डीएपी, लिटरमागे पाव ग्रॅम. निम्मं दुसऱ्या दिवशी, निम्मं साखर एक तृतीयांश उतरल्यावर. शेतात टाकतो ते खताचं डीएपी नव्हे, खाद्य दर्जाचं.

इथून पुढचे आठ दिवस तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत असल्यासारखं राहायचं. साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून तीनदा स्वच्छ लाकडी दांड्याने खाली बुडवायचा. नाही बुडवला तर थर वरून सुकतो, चिलटं बसतात आणि सिरक्याची सुरुवात तिथेच होते. तापमान २४ ते २८ च्या मध्ये हवं, ३० च्या वर गेलं की हातपाय हलवायचे. ध्यानात ठेवा, आंबणारा ड्रम खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असतो. खोलीचं तापमान बघून समाधान मानू नका. थर्मामीटर थराच्या खाली खुपसून मोजा.

मला हे कसं कळलं ते सांगते. २०१६ चा मार्च. त्याच वर्षी पुढे एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, इतका तो दुष्काळ कडक होता. वेलींना जेमतेम पाणी मिळालेलं, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, रंग असा की बोटांवरून तीन दिवस जाईना. आजवर माझ्या हातात त्याहून चांगला माल आलेला नाही. त्यातला ४५ किलोचा लॉट मी वेगळा आंबवायला घातला. एरवी मी ड्रमभोवती ओलं गोणपाट गुंडाळून पंखा लावते, पण त्या वर्षी पिण्याचं पाणी विकत होतं, गोणपाटावर ओतायला मन धजावलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, ती रात्री नऊला आली. संध्याकाळी थर बुडवायला गेले तर वास बदललेला. आदल्या दिवशी जांभूळ आणि मिरीसारखा होता, आता गुऱ्हाळासारखा, शिजलेल्या पाकासारखा. हात घातला तर आत अंघोळीच्या पाण्याची ऊब. थर्मामीटर ३७ दाखवत होता. रात्री बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, ड्रम टबात ठेवला, पण यीस्ट मेलं ते मेलंच. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारं साधन, साखर संपत जाते तसं वाचन उतरतं) १.०२० वर अडकला तो खाली येईना. नवं यीस्ट दोनदा लावलं. अर्धवट गोड, अर्धवट आंबलेल्या त्या रसात आठवड्याभरात जीवाणू शिरले आणि सगळं ओतून द्यावं लागलं. त्या वेलींनी पाण्यावाचून एवढं सोसून दिलेला माल माझ्या हातून गेला, याची हळहळ अजून आहे.

तेव्हापासून यीस्ट लावायच्या आधी डीप फ्रीझरमध्ये दोन-दोन लिटरच्या दहा बाटल्या पाणी गोठवून तयार ठेवते. ड्रम मोठ्या टबात, टबात पाणी, पाण्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन-तीन बाटल्या. वितळल्या की परत फ्रीझरमध्ये, तेच पाणी पुन्हा पुन्हा. दुष्काळातही हे परवडतं. थर फारच तापला तर बाटली केएमएसच्या पाण्यात बुडवून, पुसून थेट ड्रममध्ये सोडते, झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघून.

साखर उतरली का हे हायड्रोमीटरने मोजा. रिफ्रॅक्टोमीटर आता खोटं बोलणार, अल्कोहोलमुळे त्याचं वाचन चढं येतं आणि "अजून सात-आठ ब्रिक्स शिल्लक आहे" असं वाटून माणूस उगाच वाट बघत बसतो. २३ ब्रिक्सच्या रसाचं वाचन सुरुवातीला १.०९५ च्या आसपास असतं. ते १.०१० च्या खाली आलं की मी साली काढून पिळते, साधारण सातव्या-आठव्या दिवशी. थंड मुलखातले लोक साली तीन-चार आठवडेसुद्धा आत ठेवतात. आपल्या उन्हात तो मोह नको, कडवटपणा आणि जीवाणू दोन्ही पदरी पडतात. पिळायला मलमलचं धुतलेलं फडकं आणि हाताचा जोर पुरे. शेवटचा खरखरीत रस वेगळा ठेवा, तो चांगल्यात मिसळायचा नाही.

आता काचेचा कार्बॉय, म्हणजे अरुंद गळ्याचा मोठा जार, वर एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर जाऊ देणारं पण हवा आत न येऊ देणारं बूच. वाचन ०.९९५ च्या आसपास येऊन तीन दिवस हललं नाही की साखर संपली. दोन दिवसांत जाड गाळ खाली बसतो, वरचं नळीने दुसऱ्या भांड्यात अलगद निथळून घ्या. नळीचं तोंड खालच्या भांड्याच्या तळाशी टेकलेलं हवं, वरून धार पडून खळखळाट झाला की हवा मिसळलीच. रेड वाइनमध्ये यानंतर आणखी एक बदल होतो. कच्च्या कैरीसारखं धारदार मॅलिक आम्ल जीवाणूंमुळे मऊ लॅक्टिक आम्लात बदलतं. तो होऊन जाऊ द्यावा, नाहीतर पुढे बाटलीत होतो आणि वाइन फसफसते. त्यासाठी तयार जीवाणू मिळतात. २० ते २४ अंशांत चार-सहा आठवडे लागतात आणि तोवर सल्फर घालायचा नाही. हा काळ नाजूक असतो, जार गळ्यापर्यंत भरलेला असणं इथे सगळ्यात गरजेचं. झालं की नाही हे जिभेवर ठरवू नका, नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. मग २० लिटरला पावणेदोन ग्रॅम केएमएस, आणि पुढे दर वेळी निथळताना एक ग्रॅम.

इथे त्या शिलकीच्या बाटल्या कामाला येतात. वाइन जारमध्ये हळूहळू घटते. दर पंधरा दिवसांनी बघायचं आणि पातळी बुचापासून दोन बोटांवर येईल इतकी भर घालायची. चव बघायला काढलेलीसुद्धा भरून काढायची. तुमचा जार भरलेला राहिला असता तर गेल्या वर्षीची वाइन बहुधा वाचली असती.

ती बिघडलेली वाइन टाकू नका, द्राक्षाचा सिरका म्हणून लोणच्याला, कांद्याला उत्तम. पण ते भांडं, ते फडकं, ती नळी यंदाच्या वाइनच्या खोलीत आणू नका.

ठेवायचं कुठे? आदर्श १२ ते १६ अंश. ते आपल्याकडे यंत्राशिवाय होणार नाही, पण तापमान २४-२५ च्या खाली आणि स्थिर राहिलं तरी वाइन तग धरते. तुमच्या गावात एखादा जुना माळवदाचा वाडा उभा असेल तर त्याची आतली खोली बघा. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, खिडकी नाही. मे महिन्यातल्या भर दुपारी तिथे पाय ठेवला की अंगावरचा घाम निवतो. माझ्या आजोळच्या वाड्यात भिंतीतलं ज्वारीचं बळद रिकामं पडलं होतं, ते झाडून, चुना मारून मी तिथे बाटल्या आडव्या ठेवते. बाहेर ४२ असताना आत २७ च्या वर गेलेलं मी पाहिलेलं नाही. २७ सुद्धा वाइनला जास्तच, म्हणून जून उजाडेपर्यंत दाराला ओलं गोणपाट लावते. पण एक कळकळीने सांगते: आंबण्याचं काम कधीही पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात), तळघरात किंवा बंद खोलीत करू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. जुनी माणसं पेव उघडल्यावर लगेच कुणाला आत उतरू देत नसत, ते यासाठीच. आंबवणं हवेशीर जागी, आणि पूर्ण शांत झालेली वाइन तेवढी खाली.

ओकचा शौक असेल तर वीस लिटरला पिंप परवडत नाही. मध्यम भाजलेले ओकचे तुकडे लिटरमागे दोन ग्रॅम, सहा आठवडे, दर आठवड्याला चव. शिराझच्या फळाला लाकडाने झाकू नका. बाभळीचं, सागाचं लाकूड घालून बघणारे भेटतात, मी तसं करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

शरद सीडलेसचं वेगळं बघा. ते खायचं द्राक्ष आहे. बी नाही, आम्ल कमी, जीए घेतलेलं. त्याची गडद रेड वाइन ओढूनताणून होते. पण २० ब्रिक्सलाच काढून, सालींबरोबर तीन-चार तास ठेवून, नुसता गुलाबी रस आंबवला तर हलकी रोझे सुरेख होते. तापमान तिला १६-१८ हवं, म्हणजे बर्फाच्या बाटल्या दुप्पट. ती सहा महिन्यांत पिऊन संपवायची. रंगासाठी काही लावायचंच असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं 'मांजरी मेडिका' बघा, त्याचा गरसुद्धा लाल असतो. ते रसासाठी काढलेलं वाण आहे, पण मिश्रणात थोडं घातलं तर रंग भरतो.

जांभळाची वाइन जरूर करा, जूनमध्ये हात रिकामे असतात. साखर कमी असते, म्हणून ब्रिक्स २१-२२ होईल इतकी वरून घालावी लागते, आणि बी अजिबात फुटू द्यायची नाही. सीताफळाच्या नादी मात्र पहिल्या वर्षी लागू नका. बीडची सीताफळं पाहून मोह होतो हे मान्य, पण गर काळा पडतो, तापवला तर कडू होतो आणि गाळताना जीव जातो.

बाटल्यांत भरायची घाई नको. फेब्रुवारीचा माल जारमध्ये दिवाळीपर्यंत राहू द्या, तोवर तीनदा निथळा. भरण्याआधी हायड्रोमीटर पुन्हा एकदा लावा. साखर शिल्लक असेल तर बाटलीत परत आंबते आणि काच फुटते. वीस लिटरच्या सव्वीस बाटल्या होतील. बूच लावल्यावर दोन दिवस उभ्या, मग आडव्या. प्रत्येकीवर पेन्सिलने छाटणीची तारीख, काढणीची तारीख, ब्रिक्स, पीएच आणि आंबताना गाठलेलं सर्वात जास्त तापमान लिहा. पहिली बाटली संक्रांतीला उघडा, दुसरी गुढीपाडव्याला, आणि दोन्ही वेळची चव त्याच वहीत टिपून ठेवा. निदान सहा बाटल्या पुढच्या वर्षीच्या वाइनशेजारी ठेवून चाखायला राखून ठेवा. पाहुणे कितीही आले तरी त्या सहांना हात लावू देऊ नका.